शुक्रवारची रात्र, नाना आणि सीआयडी

मुलांनो,

टीव्ही कमी बघा, मैदानावर जा, गोष्टीची पुस्तकं वाचा, असं मी तुम्हाला या पानावरून कितीतरी वेळा सांगितलंय. सांगून सांगून मीच कंटाळले असेन, मग तुमचं काय झालं असेल! आज मात्र मी चक्क टीव्हीची बाजू घेणार आहे. आईबाबांनो, दचकू नका. शेवटपर्यंत वाचा आणि मग काय ते ठरवा.

याला कारण आहे एक पत्र. लिहिणारा मुलगा पाचवीत आहे. त्याचं नाव-गाव मी सांगणार नाही, आणि तुम्हीही ओळखायचा प्रयत्न करू नका. त्यानं लिहिलंय ते थोडक्यात असं. त्याच्या आईला मोठा आजार झालाय. घरातली मोठी माणसं त्याच्यासमोर काही बोलत नाहीत, पण आई आता बरी होणार नाही, एवढं त्याला कळलंय. शाळेतून आला की तो तिच्या कॉटजवळ बसतो. काय बोलावं ते सुचत नाही. मग दोघं मिळून त्यांची आवडती मालिका बघतात. परवा मामा आला आणि म्हणाला, "आई अशी आजारी, आणि तुला टीव्ही सुचतोय?" त्या दिवसापासून टीव्ही बंद. आता तो नुसता बसून असतो. शेवटी त्यानं विचारलंय, "बाई, माझं चुकलं का?"

नाही रे बाळा, तुझं मुळीच चुकलं नाही. मामाचाही राग धरू नकोस. त्याची बहीण आजारी आहे, त्याचाही जीव कासावीस झालाय. पण टीव्ही लाव. आजच लाव. असं मी का म्हणते, ते सांगण्यासाठी मला माझ्या वडिलांची गोष्ट सांगावी लागेल.

माझे वडील, म्हणजे आमचे नाना, एसटीत कंडक्टर होते. आम्ही फलटणला राहायचो. नाना दिवसभर बसमध्ये उभे, आणि मुक्कामी गाडी असली की रात्रीही घरी नसायचे. पण शुक्रवारी मुक्कामाची ड्युटी आली, तर ते कुणाशी तरी बदलून घ्यायचे. का? तर शुक्रवारी रात्री सोनी वाहिनीवर 'सीआयडी' लागायची!

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना 'सीआयडी' ठाऊक असेल, कारण २१ डिसेंबर २०२४ला ती नव्यानं सुरू झाली. पण पहिल्यांदा ती सुरू झाली २१ जानेवारी १९९८ला, आणि चालली थेट २७ ऑक्टोबर २०१८पर्यंत. वीस वर्षं आणि वर काही महिने! दीड हजाराहून जास्त भाग झाले. ती बनवली बी. पी. सिंग यांनी. हे सिंग आधी दूरदर्शनच्या बातम्यांसाठी कॅमेरा चालवायचे. तुमच्या आजीआजोबांना विचारा, मुंबई दूरदर्शनवर पूर्वी 'एक शून्य शून्य' नावाची पोलिसांवरची मराठी मालिका लागायची. तीही सिंग यांचीच, आणि तिच्यातही शिवाजी साटम होते. तेच पुढे 'सीआयडी'मधले एसीपी प्रद्युम्न झाले. साटमांनी सेंट्रल बँकेत नोकरीही केलेली आहे, बरं का! नानांना हे फार आवडायचं. "आपल्यासारखाच नोकरदार माणूस," असं ते अभिमानानं सांगायचे.

आमच्या घरातही एक सीआयडी होती. नाना एसीपी. मी डॉक्टर साळुंखे, कारण मला पुरावे सांगायची हौस. माझा धाकटा भाऊ दुसरीत होता, तो इन्स्पेक्टर दया. दयाचं मालिकेतलं मुख्य काम कोणतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या न्हाणीघराच्या दाराची कडी त्यानं दोनदा निखळवली होती! आई मात्र कुणीच नव्हती. ती त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी आवरत असायची आणि आतून म्हणायची, "आवाज कमी करा, शेजारी झोपलेत."

खेळ असा असायचा. शेवट यायच्या आत खुनी कोण ते सांगायचं. मी पुराव्यावरून सांगायचे: बोटांचे ठसे, चिखलातलं पाऊल, तुटलेलं बटण. नाना पुरावे बघायचेच नाहीत. ते माणसांचे चेहरे बघायचे.

"तिकीट न काढलेला माणूस ओळखायला मला काही लागत नाही," ते म्हणायचे. "कंडक्टर जवळ आला की तो खिडकीबाहेर बघायला लागतो. बाहेर बघण्यासारखं काही नसलं तरी! बघ, तो काका खिडकीबाहेर बघतोय. तोच."

आणि बहुतेक वेळा तोच निघायचा. जो जिंकेल त्याचं अक्षर आम्ही कालनिर्णयवर त्या शुक्रवारच्या चौकोनात लिहायचो. नानांचं 'ना', साळुंखेचं 'सा'. दुधाच्या खाड्याच्या खुणांमध्ये आमची ही अक्षरं! 'सा' कमी आणि 'ना' जास्त असायचे, हे प्रामाणिकपणे सांगते.

जून २००४मध्ये नानांच्या पोटात दुखायला लागलं. जेवण जाईना. वजन उतरलं. तपासण्या झाल्या आणि पोटाचा कॅन्सर निघाला. मग पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. ज्या रस्त्यानं नाना तिकिटं फाडत जायचे, त्याच रस्त्यानं आता शेवटच्या बाकावर आडवे होऊन जायचे. दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी आईला सांगितलं, की आजार पसरलाय. आता दुखणं कमी करता येईल, आजार घालवता येणार नाही. नाना घरी आले. बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर त्यांची कॉट लावली.

मुलांनो, मोठ्या आजारात घरात काय होतं माहीत आहे? सगळे त्या माणसाशी एकाच विषयावर बोलायला लागतात. सकाळपासून माणसं यायची. "काय म्हणतेय तब्येत? जेवण जातंय का? झोप लागली का? औषध कुणाचं चालू आहे?" सगळ्यांची माया खरी होती. पण दिवसभर तीच ती उत्तरं देऊन नाना थकून जायचे. डेपोतले मित्र आले, तरी गाड्यांच्या गप्पा न मारता औषधांच्या गप्पा मारायचे.

आणि आम्ही? आम्हाला तर नानांजवळ जायचीच भीती वाटायची. कुणी सांगितलं होतं, की त्यांना त्रास देऊ नका. म्हणून मी दारातूनच बघायची आणि पुस्तक उघडून बसायची.

पण शुक्रवार आला की नाना हाक मारायचे, "साळुंखे! दया! हजर व्हा!" मग आम्ही कॉटवर त्यांच्या दोन्ही बाजूंना. त्या तासाभरात त्यांना तब्येतीचा एकही प्रश्न नसायचा. प्रश्न एकच, खुनी कोण? त्या तासाभरात ते पेशंट नव्हते, आमचे एसीपी होते.

त्या वर्षी ७ नोव्हेंबरला एक खास भाग झाला. रविवार होता. हा १११ मिनिटांचा भाग कॅमेरा एकदाही न थांबवता, एका दमात चित्रित केला होता. त्याची नोंद गिनेस बुकात झाली. एरवी मालिकेत तुकडे तुकडे चित्रित करून जोडतात. कुणी वाक्य विसरलं तर पुन्हा करतात. इथं तशी सोयच नव्हती. नानांना हे कळल्यावर ते खूश! "म्हणजे ही विनाथांबा गाडी! मध्ये उतरायचं नाही!" पण अर्ध्यातच त्यांना झोप लागली. औषधांची गुंगी असायची.

दुसऱ्या दिवशी दिवाळीची सुट्टी होती. आई चकल्या तळत होती. नाना म्हणाले, "साळुंखे, मी मध्येच उतरलो. पुढं काय झालं?" मी सांगितलं. पण नाना सहज सोडणारे थोडेच! "तेव्हा तो कुठं उभा होता? दार कुणी उघडलं? ती बाई काय म्हणाली? नेमकं सांग." दोन ठिकाणी मला सांगता आलं नाही. मग पुढच्या शुक्रवारपासून मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले, कारण नाना अर्ध्यातून उतरणार आणि शनिवारी उरलेला प्रवास मला घडवावा लागणार, हे ठरूनच गेलं होतं. शनिवारची सकाळ ही आमची दुसरी 'सीआयडी' झाली. मला वाटतं, गोष्ट सांगायला मी तिथंच शिकले. डी.एड.ला ते नंतर पुन्हा शिकवलं.

आता जे सांगणार आहे, ते नीट ऐका.

डिसेंबरमधला एक शुक्रवार. तेव्हा महाराष्ट्रात भारनियमन फार होतं. तुम्हाला हा शब्द कदाचित माहीत नसेल. वीज कमी पडायची, म्हणून आळीपाळीनं गावागावांची लाइट घालवायचे. त्या रात्री मालिका ऐन रंगात आलेली असताना लाइट गेली. पार काळोख! आई आत मेणबत्ती शोधत होती. आम्ही तिघं कॉटवर तसेच बसून होतो.

अंधारात मी विचारलं, "नाना, तुम्ही बरे होणार का?"

उजेड असता तर माझ्याच्यानं विचारवलं नसतं.

नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर साळुंखे, तुमच्याजवळ पुरावे काय आहेत?"

मी सांगितले. पुण्याच्या फेऱ्या बंद झाल्या. तुमचे शर्ट तुम्हाला ढगळ होतात. दिवाळी होऊन गेली तरी आत्या परत गेल्या नाहीत. आई रात्री मोरीतला नळ सोडून रडते.

"मग यावरून काय ठरतं?"

मला बोलता येईना.

"बरोबर ओळखलंस," नाना म्हणाले. "मी बरा होणार नाही, पोरी. किती दिवस, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण एक ध्यानात ठेव. या केसमध्ये गुन्हेगार कुणीच नाही. तुझ्या आईनं काही कमी केलं नाही. डॉक्टरांनी काही चुकवलं नाही. आणि तुमचा तर काही म्हणजे काहीच दोष नाही."

तेवढ्यात पलीकडून बारीक आवाज आला, "पण नाना, मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्या पोटावर उडी मारली होती ना?"

मुलांनो, माझा सात वर्षांचा भाऊ सहा महिने स्वतःला खुनी समजत होता! पोटावर उडी मारली, पोट दुखायला लागलं, पोटाचाच आजार निघाला. त्यानं आपले पुरावे जोडले होते आणि कुणाला न सांगता एकटाच ते ओझं वागवत होता. आम्हाला वाटायचं, तो लहान आहे, त्याला काही कळत नाही.

नानांनी त्याला अंधारातच जवळ ओढलं. त्याचं डोकं आपल्या पोटावर ठेवलं. "अरे दया," ते म्हणाले, "पोरांच्या उड्यांनी असलं दुखणं झालं असतं, तर आपल्या गल्लीत एक बाप शिल्लक राहिला नसता!" आणि हसले. आम्हीही हसलो. मग तिघंही रडलो. आई मेणबत्ती घेऊन दारात कधीपासून उभी होती, कुणास ठाऊक. ती आली आणि कॉटच्या कडेवर बसली. त्या रात्री ती पहिल्यांदा आमच्यात बसली.

लाइट आली तेव्हा भाग संपून गेला होता. खुनी कोण होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही. कालनिर्णयवर त्या शुक्रवारचा चौकोन कोराच राहिला.

पुढं नाना टीव्ही बघेनासे झाले. उजेड डोळ्यांना सहन होईना. मग आम्ही आवाज बारीक ठेवायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. "हा आवाज खिडकीबाहेर बघणाऱ्याचा आहे," असं म्हणायचे. कधी बरोबर यायचं, कधी नाही. त्यानंतर ऐकणंही होईना, तेव्हा मी त्यांचा हात हातात घेऊन जुनेच भाग पहिल्यापासून सांगायचे. मध्येच ते बोट हलवायचे. म्हणजे पुढं सांग.

जानेवारी २००५मध्ये नाना गेले.

तेरा दिवस टीव्ही बंद होता. नंतरच्या शुक्रवारी आम्ही दोघं भावंडं टीव्हीकडे बघतसुद्धा नव्हतो. आईनंच येऊन तो लावला. आमच्या मध्ये बसली. आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "तो निळ्या शर्टवाला बघा, खिडकीबाहेर बघतोय." निळा शर्टवाला निर्दोष निघाला. पण आम्ही तिघंही किती दिवसांनी हसलो!

'सीआयडी'मध्ये इन्स्पेक्टर फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३मध्ये वारले. बातमी आली आणि पाच मिनिटांत भावाचा फोन. आता तो नोकरीला आहे, लांब राहतो. आम्ही अर्धा तास फ्रेडीच्या गमती आठवत बसलो. बोललो सगळं फ्रेडीबद्दल, पण आठवण कुणाची निघाली होती, ते दोघांनाही ठाऊक होतं. आज नानांचा फोटो भिंतीवर आहे, त्यांची टोपी कपाटात आहे. पण त्यांचं हसणं मला सापडतं ते 'सीआयडी'च्या जुन्या भागांत. एखादा प्रसंग लागला की इथं नाना काय म्हणाले होते, ते मला जसंच्या तसं ऐकू येतं.

आता तुम्ही विचाराल, टीव्हीत एवढं काय आहे? टीव्हीत काही नाही. एकत्र बसण्यात आहे. आजारी माणसासमोर बसून त्याच्या डोळ्यांत बघत बोलणं मोठ्यांनाही जड जातं. पण दोघंही एकाच दिशेला बघत असले, की खांद्याला खांदा लागतो, हात हातात येतो, आणि एरवी घशात अडकणारा प्रश्न सहज बाहेर पडतो. शिवाय आईला 'तुला बरं वाटतंय का?' असं विचारण्याऐवजी 'तुला काय वाटतं, आता काय होईल?' असं विचारता येतं. पहिला प्रश्न आजाराला विचारलेला असतो. दुसरा आईला.

'सीआयडी'च हवी असं नाही. क्रिकेटचा सामना चालेल, जुना सिनेमा चालेल, रेडिओवरची गाणी चालतील. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवलं, तेव्हा कितीतरी घरांत तीन-तीन पिढ्या एकत्र बसल्या होत्या. तुमच्या दोघांची आवडती गोष्ट कोणती, ती तुम्हालाच माहीत.

तुमच्या घरात असं काही असेल, तर एवढं लक्षात ठेवा.

कॅन्सर म्हणजे शरीरातल्या पेशी बेसुमार वाढणं. तो शिवल्यानं होत नाही. मिठी मारल्यानं, एका ताटात जेवल्यानं, शेजारी झोपल्यानं होत नाही. तुम्ही हट्ट केला, मार्क कमी पाडले, उलट बोललात किंवा पोटावर उडी मारलीत, म्हणून तर मुळीच होत नाही. आजार दुसरा असेल, तर जवळ बसताना काही काळजी घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. पण आजार कोणताही असो, तो तुमच्या वागण्याची शिक्षा नसतो.

भाग लहान निवडा. आजारी माणूस लवकर दमतो. मध्येच झोप लागली तर वाईट वाटून घेऊ नका, उठवू नका. पुढं काय झालं ते नीट लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सांगा. कधी आईचा, बाबांचा मूड नसेल. औषधांनी चिडचिडही होते. ती तुमच्यावर नसते. त्या दिवशी टीव्ही बंद ठेवून नुसतं शेजारी बसलात, तरी चालेल.

आणि हो, मधल्या वेळात खेळायला जा. मित्रांकडे जा. हसलात तर चोरी केल्यासारखं वाटू देऊ नका. नाना आजारी असताना मी शाळेच्या खो-खोच्या संघात होते. प्रत्येक सामन्याचा वृत्तान्त त्यांना हवा असायचा.

मनात फारच कालवाकालव झाली, तर एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. आत्या, काका, शाळेतल्या बाई, कुणीही. घरात कुणी सापडलं नाही, तर मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर आहे, आणि मनाच्या त्रासासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६. दोन्हीकडे पैसे पडत नाहीत.

आता दोन शब्द आईबाबांसाठी, आणि मामा-काकांसाठीही.

मुलांपासून लपवून काही लपत नाही. ती आपापले पुरावे गोळा करत असतात. नळाचा आवाज, बंद दार, अर्ध्यात तोडलेलं वाक्य. खरं सांगितलं नाही, तर त्या पुराव्यांवरून ती आपल्या मनानं काहीतरी ठरवतात, आणि बहुतेक वेळा दोष स्वतःकडे घेतात. तेव्हा आजाराचं नाव सांगा. बरं होणं शक्य नसेल, तर तेही सोप्या शब्दांत सांगा. 'झोपले', 'गावाला गेले' असं लहान मुलांना सांगू नका. मग ती झोपायला घाबरतात, नाहीतर गावाहून येण्याची वाट बघत बसतात. सगळं एका दिवसात सांगायचं नसतं. मूल विचारेल तेवढं सांगावं, पण जे सांगू ते खरं असावं.

दुसरं असं, की आजार बरा होणार नाही म्हणजे आता काहीच करता येत नाही, असं नाही. दुखणं, मळमळ, दम लागणं कमी करणारी आणि घरच्यांनाही आधार देणारी स्वतंत्र उपचारपद्धती आहे. तिला पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा म्हणतात. १९६७ साली लंडनमध्ये सिसिली साँडर्स या डॉक्टर बाईंनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं, तिथून हा विचार जगभर पसरला. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली 'शांती आवेदना सदन' सुरू झालं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात या उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यातही सिप्लाचं केंद्र १९९७पासून हे काम करतंय. काही जिल्हा रुग्णालयांतही ही सोय आहे. आपल्या डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. दुखणं आवाक्यात आलं, की माणसाला आपल्या मुलांबरोबर हसता-बोलता येतं, आणि त्याच दिवसांची शिदोरी मुलांना जन्मभर पुरते.

आणि तिसरं म्हणजे, आजारी आईच्या कुशीत बसून मूल टीव्ही बघताना दिसलं, तर त्याला उठवू नका. जमलं तर तुम्हीही शेजारी जाऊन बसा. आमची आई दोन महिने आधी येऊन बसली असती, तर तिलाही नानांबरोबरचे आणखी आठ शुक्रवार मिळाले असते. तिनंच मला हे सांगितलंय, म्हणून लिहिते.

मुलांनो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी सगळे ठणठणीत असतील. असेच राहोत! तुमच्यासाठी या आठवड्याचा उपक्रम सोपा आहे. आई, बाबा, आजी, आजोबा यांपैकी एकाला विचारा, "तुम्हाला कोणता कार्यक्रम सगळ्यात जास्त आवडतो?" तुम्हाला तो रटाळ वाटला, तरी त्यांच्या शेजारी बसून त्याचा एक भाग पूर्ण बघा. मोबाइल बाजूला ठेवून, बरं का! मध्ये एकदा तरी विचारा, "आता पुढं काय होईल?" त्यांनी काय उत्तर दिलं, ते दहा ओळींत मला लिहून पाठवा. निवडक पत्रं आपण या पानावर छापू. वर्गात कुणाच्या घरी आजारपण असेल, तर त्याला खोदून खोदून विचारू नका. त्याचा राहिलेला गृहपाठ त्याला नेऊन द्या आणि संध्याकाळी खेळायला हाक मारा.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या बागेतल्या गांडुळांविषयी बोलू. नाक मुरडू नका, फार गमतीची आहेत ती!

तुमच्या,
बाई